विहिरीवरचा पालथा दगड

पुरातत्त्वात एम. ए. करते म्हटलं की आमच्या शिरगावात पहिला प्रश्न येतो, "मग सोनं गावलं का?" दुसरा प्रश्न डायनासोरचा. दोन्हीला नाही म्हटलं की लोक आईकडे असे बघतात, जणू तिची मुलगी नापास झालीय. सुरुवातीला मी बिचारी समजावत बसायचे. माणसाने मागे जे टाकलं, फोडलं, पुरलं, त्यावरून तो कसा जगला ते शोधायचं, हा आमचा विषय. खापराचा तुकडा, चुलीतली राख, जळका दाणा, बुडालेलं गलबत, सगळं त्यात येतं. आई म्हणाली, "म्हंजे उकिरडाच की! त्यासाठी पुण्याला कशाला जायला हवं?"

गेल्या दिवाळीत मी घरी आले असताना वाडीतल्या विहिरीची डागडुजी निघाली. ज्या दगडावर आईने आयुष्यभर धुणं आपटलं, तो गड्यांनी उलटा केला. खालच्या अंगाला होडी कोरलेली होती. वल्ह्यांची रांग होती, ढाल-तलवारवाला माणूस होता. वीरगळ! लढाईत मेलेल्या कुणाच्या तरी आठवणीचा दगड. आणि अगदी तळाशी, घट्ट चिखलाने लिंपलेली, अक्षरांची एक ओळ. त्या माणसाचं नाव कुठे असलंच तर त्या ओळीतच असणार होतं. अशी ओळ सापडावी म्हणूनच तर मी हे सगळं शिकत होते.

पुण्याला आमच्या विभागातल्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "चिखल काढायला जाऊ नकोस, त्याच्याबरोबर अक्षरंही निघून येतील. रविवारी मी येतो, नीट साफ करू, कागदावर ठसा घेऊ." मी दगडावर पोतं टाकलं आणि सगळ्यांना बजावलं, "कुणी हलवायचा नाही."

सर येणार ही बातमी गावभर झाली आणि माझ्या विषयाला एकदम भाव आला. काल-परवापर्यंत ज्याच्यावर माझ्या वडिलांचे बनियन आपटले जात होते, त्या दगडापुढे लोक चपला काढून उभे राहायला लागले. दोन नारळही फुटले. डायनासोरचं कुणी नाव काढेना.

रविवारी सकाळी मी सरांना आणायला पालघर स्टेशनवर गेले. इकडे माझा चुलतभाऊ, आमचा दादा, बोईसरच्या एका कंपनीतून रात्रपाळी करून परतला. तो तिथे फिटर आहे. आता, आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की अंगण सारवतात, पितळ घासतात, कुत्र्यालासुद्धा आंघोळ घालतात. एवढे मोठे सर पुण्याहून येणार आणि त्यांना चिखलाने भरलेला दगड दाखवायचा? घराण्याची अब्रू होती की नाही! दादा झोपायचा सोडून कामाला लागला.

आम्ही वाडीत शिरलो तेव्हा दगड नव्या बाथरूमच्या लादीसारखा चमकत होता. शेजारी ॲसिडचा कॅन आणि ग्राइंडर. होडीच्या जागी एक फुगवटा उरला होता. मी कुणी हलवू नका म्हणाले होते. दगड तसूभरही हलला नव्हता.

मला तोच ग्राइंडर दादाच्या डोक्यात घालावासा वाटला. पण तो तांबारलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून असा हसत होता की मी ग्राइंडर उचलून नुसता बाजूला ठेवला. आईने सरांपुढे चहा आणि चिकू ठेवले. सर चहाला न शिवता दगडापाशी उकिडवे बसले आणि तळाच्या गुळगुळीत कडेवरून हळूहळू बोट फिरवत राहिले. पुन्हा पुन्हा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

त्यांना आवडलं असं वाटून दादा पुढे वाकला. "बरोबर जागेवर हात ठेवलात सर," तो म्हणाला. "बाकी लगेच निघालं. ती खालची रेघ तेवढी जाता जात नव्हती."