जिभेखालची गोळी

संपात गिरणी सुटली आणि बदली कामगार असलेला माझा दादा आधी गर्दच्या, मग सुईच्या नादी लागला. काही वर्षांनी परळला व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत एक केंद्र निघालं. तिथे जुनी सुई दिली की नवी मिळायची, आणि सुई सोडायचीच असेल तर तलफ भागवणारी रोज एक गोळी. दादाला मीच हाताला धरून नेलं. दुसऱ्याची सुई कधी वापरलीत का, डॉक्टरबाईंनी विचारलं. "कधीच नाय," असं ठासून सांगून त्याने एचआयव्हीची तपासणी टाळली.

गोळी जिभेखाली विरघळेपर्यंत बोलायचं नसे. दादा दहा मिनिटं गप्प म्हणजे मला पर्वणीच. मी त्याचा यथेच्छ उद्धार करायची. चौथ्या दिवशी तो यायलाच तयार होईना. डॉक्टरबाईंनी झापलं ते मला. "गोळी देणं माझं काम. उद्या त्याला इथे यावंसं वाटेल हे तुम्ही बघा. शिव्या पुरे."

मग मी जुन्या आठवणी काढायला लागले, मुद्दाम चुकीच्या. पहिल्या पाळीचा भोंगा सहाला व्हायचा म्हटलं की तो चिडून सात बोटं नाचवायचा. आई बांगड्याच्या तिखल्यात चिंच घालायची म्हटलं, तर गोळी विरघळल्याबरोबर उसळला, "चिंच नाय गो, सोलां. आणि तिरफळां. तुका काय आठवता?" मला खोटं पाडायला तो रोज येऊ लागला. धास्तीचे दिवस होते, पण आता आठवताना मला ते फार आवडतात.

एकदा सांगण्यासारखं काही उरलं नाही. मी म्हटलं, "काही असो, माझ्या दादाने दुसऱ्याची सुई कधी घेतली नाही." एवढी एकच गोष्ट मी खरी समजून सांगितली होती.

गोळी विरघळल्यावर त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "ह्यां पण चुकीचां, गो. दोनदा घेतलंय."

त्याच दिवशी तपासणी झाली, खात्रीसाठी तीन महिन्यांनी पुन्हा. मधल्या काळात मी एकही देव सोडला नाही. दोन्ही वेळा काही निघालं नाही.

दादा पुढे चांगला म्हातारा होऊन दम्याने गेला. अजून मी नातवंडांना सांगते, भोंगा सहाला व्हायचा, आणि जरा थांबते. कोणी सात बोटं दाखवत नाही.