मारबत गेल्यावर

स्वाइन फ्लू आला त्या वर्षी मी पुण्याला मुलींच्या शिबिरात होते. आठशे मीटर धावायचे. भारतीय संघाची निवड चाचणी तोंडावर आली होती. कुणाला चांगलं म्हणायचं तर सरांच्या अगदी जिवावर यायचं, तेही एकदा म्हणाले होते, "यंदा तुझं होईल." आणि रोगापायी शिबिरच बंद झालं. तोंडाला रुमाल बांधून मी अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावी परतले.

पुण्याहून आलेली म्हणजे रोग घेऊनच आलेली. भाताच्या रोवणीला निघालेल्या बाया आमच्या दारावरून जाताना नाकाला पदर लावत. तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, मी पळायला लागले की गुराखी लांबूनच वाट सोडत. तेवढं एक बरं होतं. पण चिखलात पाय घसरायचे, आणि हातात घड्याळ धरून उभं राहायला कुणी नव्हतं.

मग सरांचा फोन आला. शिबिर पुन्हा सुरू होतंय, लगेच निघ. शेजारच्या गावचा एक मुलगा मुलांच्या शिबिरात होता, त्याला त्याच्या आईने त्याच दिवशी गाडीत बसवून दिलं. मी बॅग भरली, तर बाबा दारात उभे.

"कायले जाऊन राहिली मराले? मारबत गेली का मंग जाय."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीचा पुतळा ओढत गावाबाहेर नेतात. गावची रोगराई तिच्यासोबत जाते, असं बाबा अगदी मनापासून मानत.

"तो गेला न, बाबा?"

"तो पोरगा होय. तुले काही झालं त लगन कोन करन?"

मी रडले, आदळआपट केली, जेवले नाही. आईनेही बाबांचीच री ओढली.

मारबत निघाली. "स्वाइन फ्लू घेऊन जा गे मारबत!" आमच्या घरासमोर पोरं जरा जास्तच ओरडली. संध्याकाळी बाबांनी स्वतः मला गाडीत बसवलं. शब्दाचे पक्के! मला त्याचा आजही संताप येतो.

पुण्यात पोचले तेव्हा चाचणी होऊन गेली होती. माझ्या खाटेवर दुसऱ्या मुलीची बॅग होती. सर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

परत आले तेव्हा बाबा गोंदियाच्या फलाटावर उभे होते. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप त नाही न, बाई?"

"नाही."

त्यांचे डोळे भरून आले. निवड झाली का, हे त्यांनी तेव्हा विचारलं नाही, आणि उन्हाळ्यात माझं लग्न लावून देतानाही नाही.