डिकीत काही आहे का?

गेटवर गाडी थांबली की हवालदार आधी खाली वाकायचे. गाडीचा नंबर नंतर, माझा पास नंतर, आधी जमीन. उजव्या हाताची पालथी बाजू डांबरावर टेकवायची, जरा थांबायचं आणि म्हणायचं, "आज लाल." मग उभं राहून, "डिकीत काही आहे का, साहेब?"

"नाही," मी म्हणायचो.

"आधी बघा, मग बोला."

मी वैतागून उतरायचो. डिकी उघडली की आत काहीतरी असायचंच. कधी सॅम्पलचा पाइप, कधी बायकोने ड्राय-क्लीनिंगला दिलेले पडदे, पुढे तर खुद्द हवालदारांचंच सामान. माझं 'नाही' तसं खोटं नसायचं. ती सवय होती. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये माझ्यासारखी कागदपत्रांची नोकरी केलेला माणूस तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला विचारा. युनिफॉर्ममधल्या कुणीही काहीही विचारलं की तोंडातून आधी "नो सर" निघतं. मग आत जायचं, फाइल बघायची, काय आहे नि काय नाही ते ठरवायचं. फसवायचं म्हणून नव्हे, जरा वेळ मिळावा म्हणून. ही सवय आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच येऊन आदळणार आहे.

हवालदार आमच्या पाइपच्या कारखान्याचे सिक्युरिटी सुपरवायझर. सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडचे, फौजेतून निवृत्त. त्यांच्या 'लाल'चा अर्थ मला बऱ्याच दिवसांनी कळला. फौजेत त्यांना उत्तरेकडे बर्फात पाठवलं होतं आणि तिथे ते स्कीवर उभे राहिले. उतारावरून घसरत येण्याची हौशी स्की नव्हे. क्रॉस-कंट्री, म्हणजे पायाला लांब अरुंद पट्ट्या, हातात दोन काठ्या आणि सपाटीवर, चढावर, मैलोनमैल स्वतःच्या दमावर जायचं. निघण्यापूर्वी बर्फ किती गार आहे ते बघून पट्ट्यांना वॅक्स लावायचं. फार थंडीला हिरवं, त्याहून कमी थंडीला निळं, बर्फ ओला झाला की लाल. वॅक्स चुकलं की पट्टी एकतर मागे घसरते, नाहीतर बर्फाला चिकटून बसते.

"जमिनीला विचारल्याशिवाय निघायचं नाही, साहेब. आपल्याला वाटतं तसं ती कधी नसते."

शारजाच्या डांबरावर बारा महिने लालच. तरी ते रोज विचारायचे.

उन्हाळ्यात, बर्फ नसताना, दम टिकवायला फौजेने त्यांना डोंगरात पळायला लावलं आणि त्यांना तेही आवडलं. राष्ट्रीय स्पर्धांत त्यांनी दोन्हींत पदकं घेतली. एकदा परदेशी जाणाऱ्या स्कीच्या संघात त्यांचं नाव राखीव म्हणून लागलं. पण कुणी आजारी पडलं नाही, कुणाचा पाय मुरगळला नाही, आणि हवालदार विमानतळावर बॅगा चढवून परत आले. "सगळे ठणठणीत होते," ते सांगायचे. "एवढी निरोगी टीम मी पुन्हा बघितली नाही." पुढे पासपोर्टवर परदेशाचा पहिला शिक्का बसला तो इथला.

इथे येताना त्यांनी चाकांच्या स्की आणल्या होत्या. दोन आखूड पट्ट्या, पुढे-मागे रबरी चाकं. बर्फाचे खेळाडू उन्हाळ्यात रस्त्यावर त्यावर सराव करतात. कामगारांच्या कॅम्पमधल्या खोलीत ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्या माझ्या गाडीच्या डिकीत राहायच्या. रविवारी सकाळी मी त्यांना कारखान्यामागच्या मोकळ्या रस्त्यावर सोडायचो. काठ्या डांबरावर टक टक वाजायच्या आणि हा चाळिशी ओलांडलेला माणूस उभ्या ट्रेलरांच्या रांगेशेजारून सुळकन निघून जायचा. ट्रेलरचे पठाण ड्रायव्हर चहाचे ग्लास हातात धरून बघत राहायचे.

"हवालदार साब, बर्फ किधर है?"

"आ रही है. रास्ते में है, इन्शाल्ला."

माझी मुलगी एकदा बरोबर आली होती. ती गाडीच्या काचेला नाक लावून म्हणाली, "डॅडा, ही इज स्कीइंग ऑन नथिंग." मी हवालदारांना अर्थ सांगितला. ते इतके हसले की काठीवर रेलून उभे राहिले. "पोरीनं बरोबर ओळखलं," म्हणाले.

मग ती शर्यत आली.

रास अल खैमाच्या डोंगरांत एक लांब पल्ल्याची पळण्याची शर्यत होणार होती. आयोजक बाहेरचे. त्यांचीच हिवाळ्यात युरोपात क्रॉस-कंट्री स्कीची शर्यत असायची. इथे जो पहिला येईल त्याला तिथली जागा, जाणं-येणं सगळं त्यांच्याकडून. हवालदारांनी ते पोस्टर मला फोनवर दाखवलं. हाताची पालथी बाजू फोनच्या काचेवर ठेवली. पोस्टरवर बर्फ होता.

"वय बघता हे शेवटचं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी गुडघे विचारतील, कुठं निघालास."

प्रत्येक धावपटूला एक मदतनीस लागायचा, ठरलेल्या ठिकाणी पाणी द्यायला. तो मी. आदल्या संध्याकाळी सगळ्यांना बसवून नियम सांगितले. मी मागच्या रांगेत फोनवर होतो. जेबेल अली बंदरात एक कंटेनर अडकला होता. हवालदार मान वळवून हळूच म्हणाले, "साहेब, ऐकलंत ना?"

"ऐकलं," मी म्हणालो.

मी ऐकलं नव्हतं.

सकाळी थंडी होती. हवालदारांनी वाकून दगडाला हात लावला. "जांभळं," म्हणाले. निळ्या-लालच्या मधलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ते ऐकलं आणि उगाच मला तो शुभशकुन वाटला.

ऊन चढलं तसा डोंगर तापला. तिथले डोंगर तुम्ही पाहिले असतील. झाड नाही, माती नाही, नुसता फुटका दगड, आणि तो उष्णता साठवून परत तोंडावर फेकतो. मला पाण्याच्या ठिकाणी उभं राहायचं होतं. पण तिथून वरची वाट दिसत नव्हती. मी थोडा वर गेलो, मग आणखी थोडा. हातात बर्फाच्या पाण्याची बाटली होती. वर हवालदार दिसेनात. तोवर आघाडीवर असलेला एक धावपटू पोट धरून बसला होता, त्याला स्वयंसेवक खाली आणत होते. आमच्या कारखान्यात एकदा उन्हात कोसळलेल्या माणसाचे पाय मी धरले होते. ते पाय मला आठवायला लागले.

आणि वळणावरून हवालदार आले. सगळ्यांत पुढे. शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे, तोंड उघडं, नजर जमिनीवर. मी बाटली पुढे केली.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. हात आपोआप बाहेर आला, बाटली घेतली, दोन घोट, बाटली टाकली आणि ते पुढे गेले. बर्फातल्या शर्यतीत प्रशिक्षक वाटेत उभे राहून असंच पाणी हातात देतात, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. तो हात तिथला होता. डोकं त्या वेळी फक्त उतारावर होतं.

ते पहिले आले. दुसऱ्याचा पत्ताही नव्हता. त्यांनी टेकून बसत विचारलं, "साहेब, मागे कोण दिसतंय का?"

"कुणी नाही."

"बघून सांगताय ना?"

आम्ही दोघंही हसलो. आमचं ते शेवटचं मोकळं हसणं.

कारण तेवढ्यात एक उंच अधिकारी आला. उन्हाने मान लाल झालेली, गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. दुसऱ्या कुणाच्या तरी मदतनीसाने वरून पाहिलं होतं. त्याने मला सरळ विचारलं. ठरलेल्या जागेच्या बाहेर तुम्ही धावपटूला काही दिलंत का?

"नो सर," मी म्हणालो.

विचार केला नाही हो. विचार करायला वेळच लागला नाही, तेच तर आहे. ओळखपत्र दिसलं आणि तोंड चाललं.

हवालदार उठून उभे राहिले. सावधान उभे राहतात तसे, पाय थरथरत असताना. "येस सर," ते म्हणाले. "वॉटर. ही गेव्ह, आय टुक."

अधिकारी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. तो माणूस वाईट नव्हता. त्याने शांतपणे नियम सांगितला, आदल्या संध्याकाळी सांगितलेलाच. बाहेरची मदत घेतली तर वेळेत दंडाची मिनिटं वाढतात. धावपटू किंवा त्याचा मदतनीस खोटं बोलला तर शर्यतीतून बाद.

दंडाची मिनिटं धरूनही हवालदार पहिलेच राहिले असते. हे मला तिथेच कळलं, कारण दुसरा धावपटू अजूनही आला नव्हता. आम्ही तिघं उभे होतो, आणि शर्यत संपते त्या कमानीखालची वाट रिकामी होती. ती किती वेळ रिकामी राहिली ते मी बघत होतो.

परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले. "एसी जरा कमी करा, साहेब."

आता जे सांगायचं ते मी कधी चर्चमध्ये पापकबुलीच्या वेळी पाद्रीसमोरही सांगितलं नाही. तिथे मी किरकोळ सांगून उठत आलो.

कारखान्यात बातमी पोचली ती अर्धी. हवालदार चोरून पाणी प्यायले म्हणून बाद झाले. कुणी पसरवली माहीत नाही, पण मी खोडली नाही. कँटीनमध्ये पोरं म्हणायची, "अरे, पाणी झाकून ठेवा, सिक्युरिटी येतेय." एके सकाळी कुणीतरी गेटच्या केबिनच्या खिडकीत पाण्याच्या बाटल्यांची रांग लावून ठेवली. मी गाडीत बसून बघत होतो. हवालदारांनी एक बाटली उचलली, उघडली, सावकाश प्यायली. "गार आहे," म्हणाले. "कोणी ठेवलं त्याला थँक्यू सांगा." मग वाकून जमिनीला हात लावला. "आज लाल. डिकीत काही आहे का, साहेब?"

"नाही," मी म्हणालो.

त्या दिवशी ते 'आधी बघा' म्हणाले नाहीत. हाताने पुढे जायची खूण केली. मला ती अजून सहन होत नाही.

घरी बायकोला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "अहो, मला कशाला सांगता? कँटीनमध्ये सांगा ना." मी म्हणालो, सांगतो. करार संपून हवालदार गावी निघेपर्यंत माझं सांगणं बाकीच होतं.

विमानतळावर त्यांना मीच सोडायला गेलो. चाकांच्या स्की बॅगेत मावेनात. "राहू द्या डिकीत," ते म्हणाले. "आमच्या रस्त्याला खड्डेच इतके, चाकं राहायची नाहीत." मी स्टिअरिंग धरून म्हणालो, "हवालदार, त्या दिवशी मी..."

"साहेब, आधी मागे बघा. मागची गाडी हॉर्न देतेय."

खरंच देत होती. मी गाडी पुढे घेतली. आरशात ते बॅग खांद्यावर टाकून काचेच्या दाराकडे जाताना दिसले. दारापाशी ते वाकले का, ते मला दिसलं नाही.

अधूनमधून फोन होतो. पहाटे गावामागचा डोंगर चढतात. त्या युरोपच्या शर्यतीला दुसऱ्या नंबरचा पोरगा गेला, त्याचं नाव त्यांनी शोधून काढलं होतं. "चांगला गेला तो," म्हणाले. "पहिल्यांदा बर्फावर उभा राहून शर्यत पुरी केली म्हणजे चेष्टा नव्हे." गेल्या थंडीत म्हणाले, "आज इथं गवतावर दव गोठलं होतं, साहेब. निळं. सरळ निळं."

त्या दिवशी मी कँटीनमध्ये जेवणाच्या वेळी उभा राहून सांगितलं. पाणी मी दिलं होतं, खोटं मी बोललो होतो, हवालदार खरं बोलले होते. मग कोपऱ्यातल्या एका नव्या पोराने शेजाऱ्याला विचारलं, "कौन हवालदार?"

दुसऱ्या सकाळी गेटवर नवा गार्ड होता. तो जमिनीकडे बघत नाही, मोबाइलकडे बघतो. त्याने न बघताच विचारलं, "सर, डिकी में कुछ है?"

मी उतरलो. डिकी उघडली. दोन आखूड पट्ट्या, चाकांवर अजून त्या मागच्या रस्त्याची धूळ.

"है," मी म्हणालो.