नायट्रोजन संपला होता

चाकणच्या आसपासच्या गावांत मी गायी-म्हशी भरवतो. वळूच्या वीर्याच्या कांड्या ज्यात ठेवतो तो नायट्रोजन म्हणजे आपलीच हवा, गार करून करून पाण्यासारखी केलेली. बर्फसुद्धा त्याच्यापुढे गरम म्हणायचा! पण झाकण लावलं तरी तो उडत राहतो. कंटेनर वेळेवर भरला नाही, तर कांड्या मेल्या. एवढं एकच पथ्य, आणि मी शहाण्याने तेच मोडलं. नायट्रोजनची गाडी यायच्या दिवशी देहूरोडला पुतणीच्या साखरपुड्यात जेवत बसलो. म्हटलं, चार दिवसांनी काय होतंय!

त्याच आठवड्यात एका मावशींचा फोन आला. "ये रं बाबा, गाय माजावर आलीय."

नवरा गेल्यापासून मावशी बोलायच्या त्या त्या गायीशीच. शेतात गोडाऊन उभं राहिलेलं, मुलगे कंपनीत. त्यांनी बजावलं होतं, या खेपेला गाभण राहिली तर ठेवू, नाहीतर विकू.

अंगणात मी कंटेनरमध्ये लाकडी पट्टी बुडवली. आत नायट्रोजन असला की पट्टीवर पांढरा बर्फ धरतो. पट्टी कोरडी ठणठणीत! तळवड्याहून नवी कांडी आणायला, ट्रॅफिक धरूनही, तीन तास लागले असते, आणि माज संध्याकाळपर्यंत टिकला असता. नुसतं "मावशी, चुकलं माझं" म्हणायचं होतं. पण पंचक्रोशीत माझं नाव ना! याच्या हातची गाय पहिल्याच खेपेला गाभण राहते म्हणे. जीभ रेटली नाही. मेलेली कांडी भरली, हात धुतले आणि वर तोंड करून म्हणालो, "मावशी, आता खरवसाची तयारी करा." लाज वाटते लिहिताना.

तीन आठवड्यांनी गाय पुन्हा माजावर आली. कळलं तसा गाडी काढून गेलो, म्हटलं आता फुकट भरवू, पाया पडू, काहीही करू. दारात टेम्पो उभा होता. मुलगे गायीला वर ओढत होते आणि ती मागे वळून हंबरत होती. मावशींनी तिला हळदकुंकू लावलं होतं. टेम्पो गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या, पदराने डोळे पुसत.

"रागावू नगंस बाबा," म्हणाल्या. "माज्या गायीनं तुजं नाव खराब केलं."