ती सून नव्हती

नवऱ्याला ठाऊक नाही, माझ्या आईला नाही, आणि ज्या मैत्रिणीला मी सासरच्या सगळ्या कागाळ्या सांगते तिलाही नाही. चार वर्षं झाली, पोटात ठेवलंय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते — आणि सांगतानाही बघा, आधी इकडचं तिकडचं बोलून घेणार आहे मी. सवयच आहे.

तर पहिलं हे, की मला ते सुपरहिरोचे सिनेमे आवडत नाहीत. आवडत नाहीत म्हणजे — डोकं उठतं माझं. अहो, दर वेळी अख्खं जग बुडायला निघालेलं! एकदा तरी नुसता एखादा तालुका बुडू द्या ना. उंच उंच इमारती पत्त्यांसारख्या कोसळतात आणि पुढच्या भागात तेच शहर जसंच्या तसं उभं — पंचनामा नाही, काही नाही. आमच्या घाटात दरड आली तर एक रस्ता मोकळा करायला किती दिवस लागतात, विचारा आम्हाला. आणि मेलेला माणूस मेला असं तर कधी समजूच नये. आपण नाक पुसत बाहेर पडायचं, आणि दोन वर्षांनी हा पठ्ठ्या पुन्हा हजर! का, तर म्हणे हा दुसऱ्याच विश्वातला. काळाच्या मागं जायचं यंत्र हाताशी असतं, तरी ह्यांना सगळीकडे पोचायला उशीर कसा होतो हो?

त्या जादूच्या, राजेरजवाड्यांच्या सिनेमांची तर आणखीच तऱ्हा. माझ्या माहेरी चार म्हशी होत्या, गोठा झाडून मी शाळेत जायचे. एवढा डोंगराएवढा ड्रॅगन पाळतात, त्याचं शेण कोण काढतं? एकदा तरी दाखवा! आणि तो गरीब, अनाथ, घोड्यांना चारा घालणारा नायक शेवटी निघतो कोण? राजाचाच वंशज. इथं माझं टाळकंच सटकतं. फिरून फिरून भोपळे चौकात — सगळं शेवटी जन्मावरच! आमच्या घरात आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून एकच शिकवण, की जन्मावर काही ठरत नाही, माणूस शिकून मोठा होतो. आणि आम्ही तिकीट काढून हे बघायचं?

आबांना मात्र हे सिनेमे जीव की प्राण. आबा म्हणजे माझे सासरे. रेल्वेत गँगमन होते, उभी हयात घाटातल्या रुळांवर गेली. पडद्यावर हिरो दोन हातांनी आगगाडी अडवायला लागला की हसायचे — "आरं, ब्रेक मारल्यावं बी गाडी कुटवर जाती ते आमास्नी ठावं!" — पण डोळे काही हटायचे नाहीत. नवरा त्यांना हिंदीतले खेळ दाखवून आणायचा. मग पौर्णिमेला आम्ही आंदर मावळात आमच्या गावी गेलो, की विहारात वंदना झाल्यावर, खीर खाऊन झाल्यावर, लोक म्हणायचे, आबा, सांगा. आणि आबा पायरीवर बसून तो सिनेमा सांगायचे. कसा सांगायचे! मला पडद्यावर जे बघून जांभया आल्या असत्या, ते त्यांच्या तोंडून ऐकताना म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावायच्या. त्या गावात एस.टी. दिवसातून दोनदा, मोबाइलला रेंज हवी तर टेकाडावर चढा. चौथी शिकलेल्या माणसाला तिथं मान होता तो ह्या सांगण्याचा. दुसरं होतं काय त्यांच्याकडे?

हो, आणखी एक होतं — मी. शिकलेली सून. कुसगावच्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे मी, दिवसभर पाहुण्यांशी इंग्रजी. (शनिवार-रविवारी लोक विचारतात, मॅडम, धुकं किती वाजता येतं? काय सांगायचं ह्यांना?) आबा सगळ्यांना सांगायचे, "आमची सूनबाई फाडफाड विंग्रजी बोलती." गोळ्यांचं पाकीट असो, लाइटबिल असो, माझ्यापुढे धरायचे. मी वाचीन ते खरं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं — शिकल्यालं माणूस खोटं सांगत न्हाई.

आता येते मुद्द्यावर. येतेच आहे.

त्या गुरुवारी माझी सुट्टी होती. आठवड्याची एकुलती एक. नवऱ्याने आबांसाठी नि स्वतःसाठी दुपारच्या खेळाची तिकिटं काढली आणि ऐन वेळी त्याला कंपनीत डबल ड्युटी लागली. झालं, आलं माझ्या गळ्यात! वर ह्या शहाण्याने घाईघाईत हिंदीऐवजी इंग्रजी खेळ निवडलेला. म्हणजे तीन तास मी आबांच्या कानात पुटपुटत बसायचं. हॉटेलात तेच, सुट्टीतही तेच.

पहिला अर्धा तास मी खरं खरं सांगितलं. शपथेवर सांगते. मग "ह्यो कोन? कुटनं आला? त्यो म्हातारा का चिडला?" — प्रश्न थांबेनात. पडद्यावर एक म्हातारा शास्त्रज्ञ, आणि त्याच्या घरात एक तरुण बाई. आबांनी विचारलं, ही कोण? ती बाई नव्हतीच. त्याने बनवलेलं यंत्र होतं, माणसासारखं दिसणारं, आणि ते त्याच्यावर उलटणार होतं. हे सगळं सांगायचं म्हणजे यंत्र काय, ते विचार कसं करतं, उलटतं का... मी म्हटलं, "त्याची सून आहे."

बस. तिथून पुढं आबांनी वेगळाच सिनेमा पाहिला. म्हाताऱ्याचा मुलगा हरवलाय, असं मी सांगितलं. सून त्याला सांभाळते, असं सांगितलं. शेवटी ते यंत्र म्हाताऱ्याला एका प्रखर उजेडात ढकलून जाळून टाकतं — मी म्हटलं, वाचवतेय ती त्याला, मुलगा आहे त्या जगात पाठवतेय. आबांनी टोपीने डोळे पुसले. "लय गुनाची सून," म्हणाले. आणि मी? मला हसू येत होतं. तोंडावर हात धरून हसत होते मी अंधारात.

पण हेही ते नव्हे. एवढंच असतं तर केव्हाच सांगून मोकळी झाले असते, चार लोकांत हशाही पिकला असता.

पुढची पौर्णिमा आली. विहारात आम्ही सगळे ओळीत बसलो, पंचशील घेतलं. खीर झाली. आबा पायरीवर बसले आणि त्यांनी म्हाताऱ्याची नि त्याच्या सुनेची गोष्ट सांगायला घेतली. इतकं सुंदर त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. सून सासऱ्याला निरोप देते तिथं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं हो, ते कुणाची गोष्ट सांगत होते ते. नाही कळलं असं कसं म्हणू?

तेवढ्यात प्रणाली म्हणाली — गावातल्या आमच्या शेजारच्या घरातली, तळेगावला कॉलेजात शिकणारी, सुट्टीला आलेली — "आबा, ती सून नाहीये! रोबोट आहे ती. तिनंच तर मारलं म्हाताऱ्याला." लोक हसायला लागले. आबा मुळीच गडबडले नाहीत. त्यांच्याकडे साक्षीदार होता ना!

"आमच्या सूनबाईला इचार. तिनं सांगितलंय मला, शेजारी बसून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रणालीनेही. मी काय म्हणायला हवं होतं? चेष्टा केली हो मी, माझं चुकलं — एवढंच. हसले असते लोक, मला हसले असते. पण मी म्हणाले, "मी कुठं असं सांगितलं? आबांना झोप लागली होती मध्येच. स्वप्न पडलं असेल."

का म्हणाले? माहीत नाही असं म्हणून सुटायचं नाहीये मला. माहीत आहे. मला इंग्रजी कळत नाही असं त्या पोरीला वाटायला नको होतं. एवढ्यासाठी. फक्त एवढ्यासाठी!

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढे धरून, मी काय वाचते त्याची वाट बघावी, तसं पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, "व्हय, आसंल. डोळा लागला आसंल माझा."

"आबा, थेटरात झोपाया गेलता व्हय!" कुणीतरी मागून ओरडलं, आणि परत हशा. मीही हसले त्यांच्यात. तेही सांगून ठेवते.

त्यानंतर "आबा, सांगा" असं कुणी म्हणालं तर ते चेष्टेने. आबा वंदना झाली की खीर खाऊन सरळ घरी येतात. गोळ्यांचं पाकीट ते आता माझ्यापुढे धरत नाहीत; इकडे आमच्या चौकातल्या मेडिकलवाल्याकडे चालत जातात आणि त्याच्याकडून वाचून घेतात. गुडघे दुखतात तरी जातात. नवऱ्याला वाटतं, तेवढंच चालणं होतं त्यांचं. मला काही बोललेले नाहीत, आजतागायत. शिकलेल्या माणसाबद्दलचं ते वाक्य मात्र पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. आणि विहारात चौथं शील येतं ना, खोटं न बोलण्याचं — तिथं मी नुसते ओठ हलवते. आबा शेजारीच बसलेले असतात. त्यांना ऐकू चांगलं येतं.

परवा नवरा म्हणाला, "आबा, नवा लागलाय, हिंदीतला आहे, चला." मी तिथंच भाजी निवडत बसले होते. आबा म्हणाले, "नगं बाबा. मला झोप लागती तितं."

नवरा हसला आणि म्हणाला, हो की, तुम्ही झोपता नाही का! मी मेथीची पानं खुडत राहिले.

आबा झोपले नव्हते. तीन तास टक्क जागे होते, आणि मी सांगितलेला शब्द न् शब्द त्यांनी खरा मानला होता.