रियाशी बोलायचं नाही

कीर्तीच्या तोंडाला कुलूप नाही, असं तिची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. खोटं नव्हतं ते. पनवेलजवळच्या त्या खाडीकाठच्या गावात कुठलीही बातमी आधी कीर्तीला कळायची आणि तिच्याकडून शेजारच्या रियाला. दोघींची घरं पाठीला पाठ लावून होती आणि दोघींचे बाप, गणू आणि दामोदर, एकाच होडीवर जायचे. रियाची आजी ठमाबाई गावची धवलारीण, लग्नविधीतली गाणी म्हणणारी. लग्नात तिचे धवले झाले नाहीत, तर लग्न लागलंय असं कोणाला वाटायचंच नाही. या दोघी लहानपणापासून तिच्यामागे बसून तिची गाणी म्हणायच्या.

२०१२ साली दोघी अकरावीत गेल्या आणि त्याच वर्षी विमानतळासाठी जमिनी जायची बोलणी गावात तापली. गावकीने देवळात बसून ठरवलं, मागण्या पुऱ्या होईपर्यंत संमतीपत्रावर कोणी सही करायची नाही. रियाच्या बापाने, दामोदरने केली.

"आज ना उद्या जानारच हाय," तो म्हणाला. "मंग आदीच बदल्यात धड जागा घेतली तं काय वाईट?"

त्याचं बरोबर की चूक, हे ऐकायला कोणी थांबलंच नाही. संध्याकाळपर्यंत घर वाळीत पडलं. त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांची मासळी घ्यायची नाही, त्यांच्या लग्नामयताला जायचं नाही. जो बोलेल त्याचंही घर वाळीत. साधं गटार कोणाच्या दारावरून न्यायचं यावर दहा वर्षं भांडणारी माणसं, पण या बाबतीत त्यांचं कसं झटक्यात एकमत झालं!

गणूने घरी येऊन एवढंच सांगितलं, "ज्योत्स्नाचं लगीन तोंडावर हाय. आपलं घर वाळीत गेलं तं सोयरे येनार नाय. समजलीस ना?"

ज्योत्स्ना म्हणजे कीर्तीची थोरली बहीण. कीर्ती समजली.

पण कॉलेजला जायला गावातून सकाळची एकच मिनीडोर रिक्षा. समोरासमोर बाकं, गुडघ्याला गुडघा लागायचा. रिया समोर बसायची आणि कीर्ती पनवेल येईपर्यंत बाहेर बघत राहायची. तिचा जीव गुदमरायचा. सांगायचं केवढं साचलेलं असायचं, आणि गावातले सहाजण कान टवकारून बसलेले.

शेवटी न राहवून तिनेच युक्ती काढली. कॉलेजच्या वाचनालयात दोघी एका टेबलावर, पण मध्ये दोन खुर्च्या सोडून बसायच्या. कीर्ती इतिहासाचं पुस्तक उघडायची आणि वाचल्यासारखं पुटपुटायची, "सन अठराशे सत्तावन्नमध्ये ज्योत्स्नाची साडी आली, जांभळी हाय, ठमाआजीला सांग." रिया आपल्या पुस्तकात तोंड खुपसून खुदखुदायची. मग ती भूगोलातून उत्तर द्यायची. महिनाभर दोघींनी असा अभ्यास केला.

गावकीच्या अध्यक्षाची पुतणी दर्शना त्याच वर्गात होती. एके दिवशी ती पुस्तकांच्या कपाटाआड उभी राहिली आणि तिने सगळा इतिहास ऐकला.

लग्नाला बारा दिवस उरले होते. गणूला देवळात बोलावणं आलं, पोरीला घेऊन. पंचवीस-तीस बाप्ये मांडी घालून बसलेले आणि मधे सोळा वर्षांची कीर्ती. अध्यक्ष फार गोड बोलत होता. गोड बोलणाऱ्याची जास्त भीती वाटते.

"पोर हाय, आमी काय खानार नाय तुला," तो म्हणाला. "देवीसमोरचा नारल हातात घे नं सांग. तू बोललीस का तिच्यासंगं?"

नारळ हातात घेऊन खोटं बोललं की घराण्याचं वाटोळं होतं, हे कीर्ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. तिने बापाकडे पाहिलं. गणू जमिनीकडे बघत होता. तिने नारळ उचलला.

"मी नाय बोलले," ती म्हणाली. "तीच बोलाची. रोज बाजूला येऊन बसाची. मी नाय उत्तर दिलं."

अध्यक्षाने मान डोलावली. घर वाचलं. दुसऱ्या सकाळपासून मिनीडोरवाल्याने रियाला घेणं बंद केलं. गावातल्या पोरींना नादी लावते म्हणे. महामार्गापर्यंतची तीन किलोमीटर ती चालत जायची. संक्रांतीनंतर तिने कॉलेजच सोडलं. मिनीडोर तिला मागे टाकून पुढे जायची तेव्हा कीर्ती डोळे मिटून घ्यायची.

ज्योत्स्नाच्या लग्नाला दुसऱ्या गावाहून धवलारीण आणली. गाण्यात घ्यायची या गावची नावं तिला ठाऊक नव्हती, गाताना अडखळत होती. सगळं यथासांग झालं. कीर्तीने जेवण वाढलं, पाहुण्यांशी हसली, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

दोन वर्षांनी सगळ्या गावानेच सह्या केल्या. अध्यक्षाने पहिल्या दिवशी केली. देवळात जेवण झालं, दामोदरला मानाने पंगतीत बसवलं आणि वाळीत टाकणं संपलं. कशासाठी होतं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

दुसऱ्याच दिवशी कीर्ती रियाच्या दारात गेली. वाटेत तिने काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. ठमाबाईने "ये गो" म्हणून आत घेतलं. रियाने चहा आणून ठेवला.

"माझा नाइलाज होता गो," कीर्ती म्हणाली. "ज्योत्स्नाचं लगीन होतं."

"ठाव हाय," रिया म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तू खरं सांगायला पायजे होतंस, असं नाय म्हनत मी. पन देवलातून तुला बाहेर येताना मी हितून बघत होते. मना वाटलं, आता तुमचं पन घर वाळीत पडनार. मना आनंद झाला गो. वाटलं, आता आपन दोगी बोलू."

रिया कप उचलून आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. थोड्या वेळाने ठमाबाईनेच कीर्तीला अंगणापर्यंत सोडलं.