हिरवा कळंक

चाचा कुठल्याही वस्तूवर आधी ओला अंगठा घासायचे आणि मग तो हुंगायचे. मग ते पितळी घंगाळ असो, नाहीतर खुद्द मालकाने दिलेली अत्तराची बाटली. वर म्हणायचे, "भरवसा कुणाचाच नाय, भाऊ." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, कुलूप लावल्यावर ते चारदा ओढून बघणारी.

नव्वदच्या दशकात शारजात, रोल्ला चौकाजवळच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मी सेल्समन होतो आणि चाचा साफसफाईला. मूळचे रत्नागिरीकडचे, गावी कल्हईवाले. पहिले दोन महिने त्यांना वाटायचं, मी मालकाचा हेर आहे. आणि मला वाटायचं, हेर तर हेच! पुढे घरी धाडायची चिठ्ठी ते माझ्याकडून लिहून घ्यायला लागले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

एकदा मालकाने एक चिनी ब्रॉंझचं भांडं आणलं. तीन पाय, दोन कान, पोटावर डोळे वटारलेल्या श्वापदाचं तोंड आणि अंगभर हिरवा कळंक. मालक सांगायचा, तीन हजार वर्षांपूर्वी चीनचे राजे यातून पितरांना नैवेद्य दाखवायचे.

चाचांचा अंगठा लगेच फिरला. "डिंकाचा वास येतोय, रंग चिकटवलाय," ते कुजबुजले. "जन्म कळंक घासण्यात गेला माझा. खरा कळंक चिंचेशिवाय हलत नाय."

मग अबूधाबीहून एक मराठी डॉक्टरीणबाई आल्या. नोकरी संपवून कायमच्या नाशिकला चालल्या होत्या आणि जाताना एकच खरी जुनी वस्तू त्यांना न्यायची होती. भांडं पाहून त्या हरखल्याच. चाचांनी गरम पाण्यात फडकं बुडवलं आणि पुसायच्या निमित्ताने भांड्याच्या पायावरून फिरवलं. फडकं हिरवंगार!

मालक माझ्याकडे बघत राहिला.

"बाई, माझं ऐकू नका, मालकाचंही नको," चाचा म्हणाले. "या भाऊला विचारा. हा खोटं नाय बोलणार."

माझा व्हिसा मालकाच्या हातात.

"मॅडम, इथली हवा दमट," मी म्हणालो. "जुन्या वस्तूंचं असं होतंच."

बाईंनी भांडं नेलं. आठवड्याभरात चाचांचा व्हिसा खलास.

ते निघाले त्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर चहा घेऊन गेलो. माफी मागायची होती, पण मी नुसता कप पुढे केला. चाचा बांधलेल्या बॅगेवर बसले होते. त्यांनी कप हातात घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि तो परत माझ्यापुढे धरला.

"आधी तू पी," ते म्हणाले.